नीतीनं वागायचं ते सुखासाठी का? हुकर ते पेली: अँग्लिकन विचारातला जुना वाद

पोथीनिष्ठ (धागाकर्ता)

धागा काढायला कारण झाली विल्यम पेलीची एक व्याख्या. १७८५ साली निघालेल्या त्याच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात तो म्हणतो की ईश्वराच्या इच्छेला धरून आणि अक्षय सुखासाठी माणसांचं भलं करणं म्हणजे सद्गुण. पुढे तो तिचे तीन भागही पाडून देतो. माणसांचं भलं हा विषय, ईश्वराची इच्छा हा नियम, आणि स्वतःचं अक्षय सुख हा हेतू. चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या, या धर्मगुरूचं पुस्तक केंब्रिजमध्ये अनेक वर्षं पाठ्यपुस्तक होतं.

आता जवळजवळ दोनशे वर्षं मागे जाऊ. याच चर्चचा धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड हुकर याच्या चर्चव्यवस्थेवरच्या ग्रंथाचे पहिले चार खंड १५९३ साली निघाले. त्यातल्या पहिल्या खंडात तो सांगतो की माणूस तीन प्रकारची पूर्णता शोधत असतो: देहाची, बुद्धीची आणि ईश्वरी. इथे सुख म्हणजे माणूस ज्यासाठी घडवला गेला तिथे त्याचं पोचणं. पेलीकडे तेच सुख चांगल्या वागण्याचा मोबदला होऊन बसतं.

मधल्या काळात काय घडलं? माझ्या मते ही घसरण आहे, आणि तिची सुरुवात पुढे आर्चबिशप झालेल्या टिलॉटसनच्या प्रवचनांत झाली. मतं सांगा. कुठल्या पुस्तकातलं कुठलं प्रकरण, तेही सांगितलंत तर चर्चा हवेत राहणार नाही.

सांजवात

उत्तम विषय. हुकरचा युक्तिवाद थोडा उलगडून ठेवते, म्हणजे तुलना सोपी जाईल. पहिला खंड, अकरावं प्रकरण.

आपण राबतो खाण्यासाठी, खातो जगण्यासाठी, जगतो भलं करण्यासाठी, आणि केलेलं भलं म्हणजे पुढच्या सुगीसाठी पेरलेलं बी. (हे शब्द जवळजवळ त्याचेच.) ही साखळी कुठेतरी संपायलाच हवी, कारण प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशासाठी तरी हवी असेल तर मुळात काही करायचं कारणच उरत नाही. साखळीचं शेवटचं टोक तेवढं स्वतःसाठीच हवं असतं, आणि त्याची ओढ अमर्याद असते. आता अमर्याद ओढ शोभेल ती अमर्याद वस्तूलाच. पैसा, आरोग्य, विद्या, कीर्ती यांवर ती लावली की माणूस कितीही मिळालं तरी अतृप्त राहतो. जनावरं या जगातल्या गोष्टींवर समाधानी असतात, माणूस का नाही, या प्रश्नाचं हुकरचं उत्तर हेच आहे.

पहिली पूर्णता तो वाईट ठरवत नाही, याकडे लक्ष द्या. देहाच्या गरजा आणि जगण्याला शोभा आणणाऱ्या गोष्टी दोन्ही तो तिच्यात धरतो. बिघडतं ते तिथेच मुक्काम ठोकल्यावर. असल्या लोकांबद्दल तो प्रेषित पौलाचे शब्द वापरतो: पोट हाच त्यांचा देव.

घाटमाथा

हुकर, पेली ही नावं घेऊन तत्त्वज्ञान चाललंय ते ठीक. पण चर्च ऑफ इंग्लंडची अधिकृत भूमिका कुठेय? १५७१ ची ३९ कलमं, म्हणजे चर्चच्या अधिकृत मतांची यादी, काढून बघा. अकराव्या कलमात माणूस निर्दोष ठरतो तो श्रद्धेनं, आपल्या कर्मांनी नव्हे. बारावं म्हणतं की सत्कर्मं ही श्रद्धेची फळं आहेत, ती तिच्या मागून येतात. तेरावं तर आणखी कडक आहे: कृपेच्या आधी केलेल्या चांगल्या कामांतही पापाचा अंश असतो. आणि १५५२ च्या प्रार्थनाग्रंथापासून सकाळच्या प्रार्थनेत लोक एकत्र म्हणत आलेत की करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, करायला नको होतं ते केलं, आणि आमच्यात काही धड उरलेलं नाही.

ज्या चर्चची सकाळ अशी सुरू होते तिथे ‘नीतीनं वागा, सुखी व्हा’ हे सूत्र आलं कुठून, हा खरा प्रश्न.

सांजवात

@घाटमाथा, मुद्दा बरोबर, पण हुकरला तो लागू पडत नाही. त्याच अकराव्या प्रकरणाच्या उत्तरार्धात तो म्हणतो की आपल्या कर्मांनी सुखापर्यंत जायची नैसर्गिक वाट आदामाच्या पतनानंतर बंद झाली. म्हणून देवानं दुसरी वाट दाखवली: श्रद्धा, आशा आणि प्रेम. ओढ निसर्गानं दिली आणि वाट कृपेनं, हा त्याचा जोड आहे. यातली कुठलीही बाजू सोडली की हुकर हातातून निसटतो.

निळावंती

घाटमाथांनी प्रार्थनाग्रंथ काढलाच आहे तर त्यातलीच दुसरी प्रार्थना देते. ईस्टरनंतरच्या चौथ्या रविवारची. मूळ जुनी लॅटिन, १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मरनं इंग्रजीत आणली. मागणं साधारण असं:

तू जे आज्ञापितोस त्यावर तुझ्या लोकांचं प्रेम जडो, तू जे देऊ करतोस त्याची त्यांना इच्छा होवो, म्हणजे जगाच्या नाना उलथापालथींत आमची मनं खरे आनंद जिथे आहेत तिथेच स्थिर राहतील.

आज्ञा पाळण्याचं बळ द्या, असं इथे मागितलेलं नाही. आज्ञेवर प्रेम जडो, हे मागणं आहे. नीती आणि सुख यांचा सांधा इच्छेच्या पातळीवरच जुळवलाय. १६६२ च्या आवृत्तीत या प्रार्थनेची सुरुवात बदलून माणसांच्या बेबंद इच्छा आणि वासनांना वळण लावू शकणारा फक्त तूच, असा उल्लेख घातला. इंग्लंडमधली यादवी, राजा चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद आणि चर्चवरची बंदी यांतून गेलेल्या लोकांनी केलेला बदल आहे तो.

पोथीनिष्ठांच्या प्रश्नाची मोजपट्टी मला इथे सापडते. ज्या लेखकात इच्छा बदलण्याची गोष्ट आहे तो हुकरच्या बाजूचा. इच्छा आहे तशी ठेवून तिला फक्त मोठं बक्षीस दाखवणारा, पेलीच्या बाजूचा.

पोथीनिष्ठ

निळावंती, मोजपट्टी पटली. पुढच्या प्रतिसादांत हीच वापरू या.

खडूफळा

तत्त्व झालं, आता सराव. सतराव्या शतकातल्या सामान्य वाचकाच्या हातात हुकर नव्हता. त्याच्याकडे असायची ती दोन पुस्तकं.

पहिलं धर्मगुरू जेरेमी टेलरचं पवित्र जगण्याचे नियम सांगणारं, १६५०. सुरुवातीला तीन साधनं येतात: वेळेची काळजी, हेतूची शुद्धता आणि ईश्वर समोर आहे या जाणिवेचा सराव. मग पौलाच्या तीताला लिहिलेल्या पत्रातल्या एका ओळीवरून तीन विभाग: स्वतःपुरता संयम, इतरांशी न्याय, देवाशी धर्म. पुस्तक नुसता उपदेश करून सोडून देत नाही, चाचण्या देतं. आपला हेतू शुद्ध आहे हे ओळखायचं कसं? एक खूण अशी की काम प्रार्थनेनं देवावर सोपवल्यावर त्याचं काय होणार या चिंतेनं मन पोखरत नाही.

समाधानावरचं प्रकरण चांगलं लांबलचक आहे आणि ते येतं संयमाच्या विभागात. म्हणजे टेलरच्या हिशेबात समाधान ही कमावायची सवय आहे, भूक आणि जीभ आवरण्याच्या रांगेतली. मरणाच्या दारात केलेल्या पश्चात्तापावर त्याचा भरवसा नाही तो याच कारणानं. सवयीनं जडलेलं उलट सवयीनंच सुटतं, आणि त्याला वेळ लागतो. १६५५ च्या पश्चात्तापावरच्या ग्रंथात त्यानं हे इतकं ताणलं, मूळ पापाची कल्पना इतकी सौम्य केली, की त्याच्याच बाजूच्या बिशपांनी आक्षेप घेतले. घाटमाथांची तक्रार तेव्हाही होती तर.

दुसरं पुस्तक माणसाच्या समग्र कर्तव्यावरचं, १६५८, निनावी. बहुतेक जण ते रिचर्ड ॲलेस्ट्रीचं मानतात. त्याचे भाग सतरा. दर रविवारी एक वाचायचा, म्हणजे वर्षात तीन पारायणं होतात. हे मुखपृष्ठावरच छापलेलं असे.

चांदणवेल

सतरा त्रिक एक्कावन्न. बावन्नाव्या रविवारी काय, उजळणी? :)

खडूफळा

बावन्नाव्या रविवारी पुन्हा पहिला भाग! पारायण संपतच नाही, हीच त्यातली खुबी.

उंबरठा

समाधानाच्या या शिकवणीचा फायदा कोणाला झाला, हे कोणी बोलत नाहीये. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला समाधान शिकवायचं आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून चर्चचा दशमांश घ्यायचा. पेलीचंच घ्या. १७९२ मध्ये, फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली असताना, त्यानं इंग्लंडच्या कष्टकऱ्यांना उद्देशून समाधानाची कारणं सांगणारी पुस्तिका लिहिली. त्यात आयुष्याला नाटकाच्या प्रेक्षागृहाची उपमा आहे. खेळ रंगलेला असतो तेव्हा आपण कुठल्या जागी बसलोय याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मध्ये खंड पडला की मग जो तो इकडेतिकडे बघायला लागतो. म्हणजे खेळ बघा, जागेचं बघू नका. हे नीतिशास्त्र नव्हे, बंदोबस्त आहे.

खडूफळा

पेलीच्या त्या पुस्तिकेबद्दल सहमत. टेलरला मात्र त्याच रांगेत उभं करू नका. समाधानावरचं प्रकरण त्यानं लिहिलं तेव्हा त्याची, म्हणजे राजाची, बाजू यादवी युद्ध हरलेली होती, तो वेल्समध्ये गोल्डन ग्रोव्ह इथे एका उमरावाच्या आश्रयाला होता. त्या प्रकरणात एक जागा आहे: जप्तीवाल्यांच्या हाती सापडलो, त्यांनी सगळं नेलं. आता काय? जरा आजूबाजूला बघू. सूर्य-चंद्र ठेवलेत, आग आणि पाणी ठेवलंय, प्रेमळ बायको आहे, हळहळणारे पुष्कळ मित्र आहेत आणि मदत करणारे थोडे. अजून बोलता येतं. आणि मीच देऊन टाकला नाही तर माझा हसरा चेहरा, आनंदी मन आणि स्वच्छ सदसद्विवेक त्यांना नेता आलेला नाही.

भरल्या ताटावरून लिहिलेलं नाही हे. समाधान कोण कोणाला सांगतोय यावर पुष्कळ अवलंबून आहे.

उंबरठा

एवढ्यापुरतं मान्य. टेलर स्वतःला सांगतोय, पेली दुसऱ्याला.

तर्कशुद्ध

पेली आणि टिलॉटसन यांची बाजू कोणीच घेत नाहीये, म्हणून मी घेतो.

टिलॉटसन १६९१ ते १६९४ कॅंटरबरीचा आर्चबिशप होता. त्याच्यासमोरचा श्रोता दोन टोकांच्या मध्ये सापडलेला. एकीकडे यादवीच्या काळातले अतिउत्साही लोक, ज्यांना देव थेट कानात बोलतो असं वाटे. दुसरीकडे दरबारातले टवाळ, ज्यांच्या लेखी धर्म म्हणजे आनंदावर घाला. ‘त्याच्या आज्ञा जड नाहीत’ या वचनावरच्या प्रवचनात टिलॉटसन दाखवतो की या आज्ञा आपल्या स्वभावाला साजेशा आहेत, पाळायला बळ मिळतं, आणि मोबदलाही मोठा आहे. तीनांतला मोबदला तेवढा उचलून त्याला व्यापारी ठरवणं अन्याय आहे. लोकांना ते हवं होतं हेही खरं: त्याच्या मृत्यूनंतर प्रवचनांचे हक्क अडीच हजार गिनींना विकले गेले.

आणि पेलीचं सुखावरचं प्रकरण कोणी वाचलंय का? पहिल्या पुस्तकाचं सहावं. सुख इंद्रियभोगात नाही, कामातून सुटका मिळण्यात नाही, मानमरातबात नाही. मग आहे कशात? माणसांवरच्या मायेत, मन गुंतेल अशा एखाद्या ध्येयामागे आपल्या शक्ती वापरण्यात, सवयी शहाणपणानं लावण्यात आणि आरोग्यात. सवयींबद्दलचा त्याचा नियम असा की सवय अशी लावा की होणारा प्रत्येक बदल सुखाचा ठरेल. रोज पक्वान्नं खाणाऱ्याला त्यांची चव शेतकऱ्याला त्याच्या पाव-चीजपेक्षा जास्त लागत नाही. पण शेतकरी बाहेर जेवायला गेला की त्याला मेजवानी, आणि पक्वान्नवाल्याला घराबाहेर कुठेही गेलं तरी कमीच. इतकं नेमकं निरीक्षण करणारा माणूस उथळ नव्हता.

मालमत्तेवर लिहिताना त्यानं कबुतरांचा दाखला दिला: नव्याण्णव कबुतरं दाणे गोळा करतात, स्वतःला फोलपटं ठेवतात आणि ढीग एकाच्या हवाली करतात, तेही बहुधा सगळ्यांत कमजोर असलेल्या. त्यावरून त्याला ‘कबूतर पेली’ नाव पडलं. हा माणूस निव्वळ बंदोबस्ताचा नव्हता, @उंबरठा.

घाटमाथा

टिलॉटसनवरचा राग लोकांच्या मनात बराच काळ धुमसत होता. १७४० मध्ये प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्डनं जाहीर पत्रात लिहिलं की टिलॉटसनला खऱ्या ख्रिस्ती धर्माची माहिती महंमदापेक्षा जास्त नव्हती. त्याच वर्षी त्यानं खडूफळांनी सांगितलेल्या सतरा भागांच्या पुस्तकावरही हत्यार उपसलं. भाषा टोकाची आहे, पण आक्षेप कलमांतलाच: कर्तव्यांची यादी देता आणि श्रद्धेनं होणारा नवा जन्म विसरता.

चांदणवेल

सगळे कर्तव्यावर बोलताहेत, आनंदावर कोणीच नाही! टॉमस ट्रहर्न राहिला की. हेरफर्डजवळच्या क्रेडनहिलचा धर्मगुरू, १६७४ ला गेला, चाळिशीही गाठली नाही. त्याचं ख्रिस्ती नीतीवरचं पुस्तक १६७५ मध्ये, मृत्यूनंतर छापलं गेलं. पण खरा ठेवा म्हणजे शंभर-शंभरांच्या गटांत लिहिलेली चिंतनं. चार शतकं पूर्ण आणि पाचव्यात दहा.

तो तक्रार करतो की विद्यापीठात सगळं शिकवलं, पण परमानंद हा विषय शिकवणारा एकही गुरू नव्हता, आणि बाकीच्या सगळ्या विद्यांची स्वामिनी तर तीच. गावी परतल्यावर त्यानं ठरवलं की वर्षाला दहा पौंडांत राहीन, चामड्याचे कपडे घालीन, पाव-पाणी खाईन, पण सगळा वेळ आनंदाच्या शोधाला देईन. आणि त्याचं सगळ्यात धाडसी म्हणणं: गरज असणं वाईट नाही. अपार गरजा भागल्या की अपार आनंद. बहुतेक नीतिकार इच्छा कमी करा म्हणतात. हा म्हणतो, तुमच्या इच्छा फार लहान आहेत; सोनं आणि मान मागता, आणि आकाश, समुद्र, माणसं आधीच तुमची आहेत ते बघत नाही.

अवांतर: ही चिंतनं जवळजवळ सव्वादोनशे वर्षं अज्ञात होती. १८९६-९७ च्या सुमारास लंडनमध्ये जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर हस्तलिखितं सापडली. आधी कवी हेन्री व्हॉनची समजली गेली, मग पुस्तकविक्रेता बर्ट्रम डोबेलनं खरा लेखक शोधून १९०८ मध्ये चिंतनं छापली. दुसरं एक मोठं हस्तलिखित १९६० च्या दशकात लँकाशरमधल्या जळत्या कचऱ्याच्या ढिगातून एकानं बाहेर ओढलं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.

निळावंती

वा, चांदणवेल. ट्रहर्न मोजपट्टीच्या हुकर-टोकालाही ओलांडून जातो.

याच काळातला, स्त्रियांनी लढवलेला एक वाद जोडते. बेमर्टनचा धर्मगुरू जॉन नॉरिस म्हणे की आपल्याला सुख देणारा खरा कर्ता फक्त देव. फळाची गोडी फळ देत नाही, देव देतो. म्हणून प्रेमही फक्त देवावरच करायचं. १६९३ मध्ये लेखिका मेरी ॲस्टलनं त्याला पत्र लिहून शंका काढली: मग दुःखाचा कर्ताही देवच ना? सुख देतो म्हणून त्याच्यावर प्रेम करायचं, तर दुःख देतो त्याचं काय? पत्रव्यवहार वाढत गेला आणि १६९५ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी दॅमरिस मॅशमनं निनावी पुस्तकातून दोघांनाही उत्तर दिलं. माणसांवर प्रेम करतच आपण प्रेम शिकतो, आणि देवावरचं प्रेम तिथूनच उगवतं. माणसांपासून प्रेम काढून घ्यायचं म्हटलं तर समाजात राहणंच अशक्य, मठातच जावं लागेल.

ॲस्टलच्या शंकेनं ‘सुख देतो म्हणून’ या पायालाच तडा जातो. पेलीच्या नव्वद वर्षं आधी.

खडूफळा

धर्मगुरू विल्यम लॉचं नाव घेतल्याशिवाय अठरावं शतक सुरू करू नका. जॉर्ज पहिल्याशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि केंब्रिजमधली जागा गमावली. १७२९ च्या त्याच्या पुस्तकात फ्लाव्हिया आणि मिरांडा या दोन अविवाहित बहिणी आहेत, प्रत्येकीला वर्षाला दोनशे पौंड. पैसा सारखा, आयुष्यं वेगळी. फ्लाव्हियाचा तो हिशेबच मांडतो: आणखी दहा वर्षं जगली तर याच तऱ्हेनं तिचे सुमारे १५६० रविवार गेलेले असतील, कपड्यांचे दोनशे जोड झालेले असतील, आणि तीस वर्षांतली पंधरा अंथरुणात. मोठं पाप तिच्या नावावर एकही नाही. लॉचं म्हणणं, सामान्य माणूस चांगला होत नाही कारण तसं व्हायचं त्यानं कधी मनापासून ठरवलेलंच नसतं.

सांजवात

आता जोसेफ बटलर, पुढे बिशप झालेला धर्मगुरू. माझ्या मते या धाग्याचं उत्तर त्याच्याकडे आहे. १७२६ ची पंधरा प्रवचनं. लंडनच्या चान्सरी लेनमधल्या रोल्स चॅपलमध्ये, म्हणजे वकील आणि न्यायाधीशांसमोर दिलेली. त्यामुळे युक्तिवाद खटल्यासारखा चालतो. अकरावं प्रवचन टप्प्याटप्प्यानं:

सगळी माणसं फक्त स्वतःच्या सुखासाठी वागतात, असं तत्त्वज्ञ हॉब्सनंतर फॅशनमध्ये आलेलं मत. बटलर आधी दोन गोष्टी वेगळ्या काढतो. भुकेचा विषय अन्न, कीर्तीच्या हव्यासाचा विषय कीर्ती, करुणेचा विषय समोरच्याचं दुःख. या सगळ्या ओढी बाहेरच्या वस्तूकडे जातात. स्वहिताची इच्छा वेगळी आहे: ती सगळ्याचा विचार करून ‘मला सुख हवं’ म्हणते. आता, एखाद्या वस्तूची आधी ओढच नसेल तर ती मिळाल्याचं सुख कुठून येणार? भूक नाही, तर जेवणाचं सुख नाही. म्हणजे सुख या विशिष्ट ओढी भागण्यातून तयार होतं. नुसत्या स्वहिताच्या इच्छेला खायला काहीच नाही. ज्याच्या मनात स्वहितच भरलंय, बाकी कशाचीच ओढ उरलेली नाही, तो सुखी होऊच शकत नाही. मुलाचे फाजील लाड मुलाच्या हिताचे नसतात. स्वतःचंही तसंच, हा त्याचाच दाखला.

यातून परोपकाराची गोष्ट सुटते. दुसऱ्याचं भलं व्हावं ही एक ओढ आहे, भुकेसारखी किंवा महत्त्वाकांक्षेसारखी. ती स्वहिताच्या विरोधात जायचीच तर तितकीच, जितकी भूक जाते. मग लोकांना परोपकार म्हणजे तोटा का वाटतो? बटलर म्हणतो, कारण ते सुखाला मालमत्ता समजतात. जमीन दुसऱ्याला दिली तर आपली कमी होते. सुखाला हे गणित लागू नाही.

दुसरं आणि तिसरं प्रवचन सदसद्विवेकावर आहे. आमिष बघून सापळ्यात शिरणारा प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो. नाश दिसत असूनही त्यात शिरणारा माणूस मात्र स्वभावाविरुद्ध वागतो, कारण त्याच्या ठेवणीत एक वरचा अधिकारी आहे. त्याला जितका अधिकार आहे तितकी ताकद असती तर जगावर त्याचंच राज्य असतं.

तर्कशुद्ध

सांजवात, सुंदर. पण त्याच अकराव्या प्रवचनातला गैरसोयीचा भाग वगळलात. बटलर म्हणतो की आपण शांत डोक्यानं बसून विचार केला, तर सद्गुणाचा किंवा कशाचाच पाठपुरावा आपल्या सुखाचा आहे, निदान सुखाच्या आड येत नाही, अशी खात्री पटल्याशिवाय आपण स्वतःपाशी त्याचं समर्थन करू शकत नाही. हा पेलीच झाला की!

सांजवात

वगळलेलं नव्हतं, वेगळं घ्यायचं होतं. त्या वाक्याची सुरुवात ‘हे मान्य करून चालू’ अशी आहे. समोरच्या वकिलांच्या गृहीतकावर उभं राहून तो त्यांना हरवतोय. त्याच वाक्यात, सद्गुण म्हणजे जे योग्य आहे त्याची योग्य म्हणूनच ओढ असणं, हेही त्यानं सांगून ठेवलंय. तिसऱ्या प्रवचनाच्या शेवटी तो म्हणतो की खरं सुख नीट समजलं तर सदसद्विवेक आणि स्वहित एकाच दिशेला नेतात. दोन्ही एकाच दिशेला जाणं वेगळं, आणि एक दुसऱ्याचं कारण असणं वेगळं. पेलीला विचारा, शहाणपण आणि कर्तव्य यांत फरक काय? त्याचं छापील उत्तर असं: शहाणपणात आपण या जगातला नफातोटा बघतो, कर्तव्यात पुढच्या जगातलाही. बटलरच्या लेखणीतून हे वाक्य उतरलं नसतं.

बटलरच्या १७३६ च्या, धर्म आणि निसर्ग यांतल्या साम्यावरच्या ग्रंथाला जोडलेला सद्गुणावरचा छोटा प्रबंधही बघा. खोटेपणा, विनाकारण हिंसा, अन्याय हे त्यातून एकूण सुख वाढेल की घटेल हे न पाहताच निषिद्ध. जगाच्या सुखाची काळजी जगाच्या धन्याची.

झुंजुरका

मराठी वाचकांसाठी दुवा: टिळकांच्या गीतारहस्यात (१९१५) हाच वाद आहे. चौथ्या प्रकरणात, आधिभौतिक सुखवादात, हॉब्ससमोर बटलरच उभा केलाय, आणि मनुष्यस्वभावावरच्या त्याच्या प्रवचनांचा तळटीपेत उल्लेख आहे. सहाव्यात आधिदैवत पक्षाची तपासणी येते. तिथे टिळक सदसद्विवेकाला वेगळी स्वतंत्र देवता मानायला नकार देतात, ते एकाच बुद्धीचं काम म्हणतात. बटलर वाचल्यावर ही दोन प्रकरणं पुन्हा काढा, बरंच उलगडतं.

सरळरेघ

वाचनमात्र होते, आज लिहिते. यातलं काही मुळातून वाचायचं तर सुरुवात कुठून करावी? बटलर एकदा उघडून बंद केला होता, वाक्यं फार लांब.

खडूफळा

सरळरेघ, बटलर क्रमानं वाचू नका. आधी १७२९ च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना. त्यात घड्याळाचा दाखला आहे: सुटे भाग समोर मांडले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध कळल्याशिवाय घड्याळ कळत नाही, मनाचंही तसंच. मग १, २, ३. मग थेट ११. त्यानंतर ७ (बायबलमधला बलाम, ज्याला मरण सज्जनाचं हवं पण जगणं नको) आणि १० (स्वतःची फसवणूक). ही शेवटची दोन सोपी आहेत आणि बोचतात.

त्यापुढे १७३६ च्या ग्रंथाच्या पहिल्या भागातलं पाचवं प्रकरण. सवयीचे दोन नियम: नुसत्या मनावर उमटणाऱ्या भावना पुन्हापुन्हा आल्या की बोथट होतात, प्रत्यक्ष केलेली कृती पुन्हापुन्हा केली की पक्की होते. दुःखी माणसं बघून हळहळणं हळूहळू कमी होतं, पण त्यांना मदत करणाऱ्याची मदतीची सवय वाढत जाते. सद्गुणावर छान बोलत, त्याची सुंदर चित्रं रंगवत बसल्यानं मन उलट निबर होऊ शकतं, असा इशाराही तिथेच आहे.

नेहमी अडतं ते इथे: स्वहित हा शब्द दिसला की वाचक स्वार्थ समजतो आणि पुढचं सगळं उलटं लागतं. बटलरची तक्रार आहे की लोकांत खरं स्वहित पुरेसं नाही. असतं तर त्यांनी स्वतःचा इतका नाश केला नसता.

उंबरठा

सवयीचं प्रकरण आवडलं. समाधानाच्या शिकवणीवर माझा आक्षेप उभाच आहे, पण या माणसाला तो लागत नाही. हा हळहळू नका म्हणतोय, उठून काहीतरी करा म्हणतोय.

पोथीनिष्ठ

तर्कशुद्धांच्या प्रतिसादानंतर टिलॉटसन पुन्हा काढला. त्याच्याकडे आज्ञा स्वभावाला साजेशा असणं हा पहिला आधार आहे आणि मोबदला नंतर येतो. त्यामुळे सांधा तुटण्याची जागा मी आता पुढे, १७३१ मध्ये धरतो. जॉन गे नावाच्या धर्मगुरूचा निबंध. त्याचा क्रम असा: देवाला आपल्याकडून काही मिळवायचं नाही, म्हणून त्यानं माणसं निर्माण केली ती त्यांच्या सुखासाठीच. म्हणून माणसांचं सुख ही देवाच्या इच्छेची खूण. आणि देवाची इच्छा बंधनकारक का? कारण आपलं सुख त्याच्या हाती. पेलीचे तिन्ही तुकडे इथे तयार आहेत, आणि इच्छा बदलण्याची गोष्ट कुठेच नाही.

निळावंती

हे नेमकं. आणि दुवा हाताशी आहे. गेचा निबंध तेव्हा स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला नव्हता. विल्यम किंगच्या अनिष्टाच्या उगमावरच्या लॅटिन ग्रंथाचं एडमंड लॉनं केलेलं १७३१ चं इंग्रजी भाषांतर काढा (हा लॉ वेगळा, फ्लाव्हियावाला विल्यम नव्हे). त्याच्या आरंभी तो लेखकाच्या नावाशिवाय छापलाय. हा एडमंड लॉ पुढे कार्लाइलचा बिशप झाला, पेली त्याच्याच हाताखाली आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्माधिकारी), आणि १७८५ चं पुस्तक पेलीनं अर्पण केलंय तेही त्यालाच.